आपला माणूस आणि ४,६९० डॉलर

अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या अर्जाच्या नावाखाली माझे ४,६९० डॉलर आणि सात महिने गेले. पैसे घेणारा माणूस वकील नव्हता हे मला फार उशिरा कळले, असे मी लोकांना सांगतो. खरे म्हणजे ते पहिल्याच दिवशी कळायला हवे होते, आणि माझ्या बायकोला ते कळलेही होते. मी न्यू जर्सीत राहतो, सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो आणि दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका काढतो, त्यामुळे हे लिहिताना मान खाली जाते. तरीही लिहितो आहे, कारण तो माणूस अजून मोकळा फिरतो आहे आणि त्याचे गिऱ्हाईक म्हणजे आपणच आहोत.

आम्हा दोघांना ग्रीन कार्ड मार्च २०१९ मध्ये मिळाले. भारतात जन्मलेल्यांची रांग किती लांब असते हे मी नव्याने सांगायला नको. आमची दहा वर्षे त्या रांगेत गेली. पुढची पाच वर्षे २०२४ मध्ये पूर्ण झाली आणि नागरिकत्वाचा अर्ज, म्हणजे एन-४००, भरायची वेळ आली. घाई मला आईसाठी होती. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, सांगलीत एकटी राहते, आणि ग्रीन कार्डधारकाला आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही. तो हक्क फक्त नागरिकाला आहे, आणि नागरिकाच्या आईवडिलांना कोट्याची रांगही नसते. शिवाय घाईबरोबर एक भीतीही होती. सासरे आजारी असताना बायको १२ डिसेंबर २०२० ला नाशिकला गेली आणि ४ जुलै २०२१ ला परतली. हे २०४ दिवस होतात. अर्जाआधीच्या पाच वर्षांत सलग सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिले की अमेरिकेतले वास्तव्य खंडित झाले असे गृहीत धरले जाते आणि तसे नाही हे आपल्याला पुराव्यानिशी दाखवावे लागते. एका वकिलाने दोघांचे मिळून ३,६०० डॉलर सांगितले होते आणि बायकोच्या प्रवासाबद्दल विचारताच चेहरा गंभीर केला होता. मला गंभीर चेहरा नको होता.

पैसे घेणारा तो माणूस आम्हाला सप्टेंबर २०२४ मध्ये मंडळाच्या गणेशोत्सवात भेटला. प्रसादाच्या टेबलाशेजारीच त्याचा स्टॉल होता, ‘इमिग्रेशन सल्लागार’ असा फलक होता, आणि तो कोल्हापूरकडचे मराठी बोलत होता. ‘सांगली म्हणजे आमचं शेजारच की हो साहेब,’ असे म्हणून त्याने माझ्या हातावर टाळी दिली. त्या दिवशी मी त्यांना ‘काका’ म्हणालो होतो. आता एकेरीतच लिहितो.

२१ सप्टेंबरला, शनिवारी, आम्ही त्याच्या घराच्या तळघरातल्या कार्यालयात गेलो. बायकोने बसल्या बसल्या विचारले, ‘तुम्ही वकील आहात ना?’ त्याने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाला, ‘वहिनी, तीस वर्षं हेच करतोय.’ ती माझ्याकडे पाहायला लागली. हे उत्तर नव्हते, हे तिला कळले होते. मी मात्र तिला नजरेनेच गप्प केले. समोरचा माणूस वयाने मोठा, ओळखीतला, त्याच्या घरी बसून त्याचीच परीक्षा कशी घ्यायची?

त्यानंतरचा प्रसंग मला रात्री-बेरात्री आठवतो. अर्ज भरून देणाऱ्या व्यक्तीने स्वतःचे नाव, पत्ता आणि सही करायची जागा त्या फॉर्ममध्ये शेवटी असते. त्याने ते पान उघडले, त्या रिकाम्या चौकटींवर पेनाच्या टोपणाने दोनदा टकटक केले आणि सांगितले, ‘इथं काही लिहायचं नाही. कुणी विचारलं तर स्वतःच भरला म्हणायचं. मधला माणूस दिसला की अधिकारी खोदून विचारतो.’ मग प्रवासाच्या तक्त्यावर बोट ठेवून म्हणाला, ‘वहिनींची ती ट्रिप मी दोन भागांत दाखवतो, काळजी सोडा.’ जो माणूस पैसे घेऊन अर्ज भरतो आणि त्यावर स्वतःचे नाव घालायला नकार देतो, त्याला आपण काय करतो आहोत हे पक्के ठाऊक असते. फॉर्मच्या सहीच्या ओळीवर तर शपथभंगाच्या शिक्षेचा उल्लेखच असतो, आणि ती सही आमची होती. मी हे सगळे पाहिले, ऐकले, आणि मला हायसे वाटले. तो मला जे खोटे सांगायला शिकवत होता ते माझ्या सोयीचे होते, म्हणून मी त्याच्या खोटेपणाकडे काणाडोळा केला. मग दोन कोऱ्या पानांवरही आम्ही सह्या करून दिल्या.

आता हिशेब. त्याचे मानधन प्रत्येकी ९००, म्हणजे १,८०० डॉलर, मी त्याच दिवशी झेलवरून, म्हणजे बँकेतून थेट दुसऱ्याच्या खात्यावर पैसे पाठवायच्या सोयीवरून, पाठवले. दुसऱ्या दिवशी सरकारी फी म्हणून प्रत्येकी ७६० प्रमाणे १,५२० डॉलर पाठवले, तेही त्याच्याच खात्यावर. झेल हे नाव मराठी माणसाने ठेवले असावे; मी पैसे टाकले आणि त्याने अलगद झेलले. सरकारी फी नेहमी स्वतः, थेट सरकारला भरावी. शिवाय ७६० ही कागदी अर्जाची फी आहे, ऑनलाइन भरला तर ७१० लागतात, हे मला नंतर कळले. ९ ऑक्टोबरला त्याचा फोन आला की नोव्हेंबरमध्ये निवडणूक आहे, सरकार बदलले की नियम बदलतील, तेव्हा अर्ज ‘प्रीमियम’मध्ये टाकू, १,२०० डॉलर. मी मूर्ख होतो असे म्हणण्याआधी एवढे लक्षात घ्यावे की माझ्या कंपनीने ग्रीन कार्डच्या वेळी आय-१४० साठी, म्हणजे कंपनीने कर्मचाऱ्यासाठी करायच्या अर्जासाठी, लवकर निकाल मिळावा म्हणून प्रीमियमची जादा फी खरोखर भरली होती आणि पंधरा दिवसांत मंजुरी आली होती. ती सोय काही ठरावीक अर्जांनाच आहे आणि एन-४०० त्यांत नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते. अडचणीच्या कारणाने अर्ज लवकर पाहावा अशी विनंती करता येते, पण तिला फी नसते. नोव्हेंबरमध्ये बोटांच्या ठशांसाठी प्रत्येकी ८५, म्हणजे १७० डॉलर त्याने आणखी घेतले. ही वेगळी फी पूर्वी होती, म्हणूनच ती खरी वाटली. १ एप्रिल २०२४ पासून ती मूळ फीतच धरली जाते.

ऑक्टोबरच्या मध्यावर त्याने व्हॉट्सॲपवर आय-७९७, म्हणजे अर्ज पोचल्याची सरकारी पावती, पाठवली होती. गरुडाचे बोधचिन्ह होते, बारकोड होता, आमची नावे अचूक होती. तो क्रमांक मी सरकारी संकेतस्थळावर टाकला तर तो चुकीचा असल्याचा संदेश आला. त्याने सांगितले की प्रीमियमचे क्रमांक बाहेर दिसत नाहीत. खऱ्या पावतीच्या क्रमांकात तीन अक्षरे आणि त्यांपुढे दहा आकडे असतात. माझ्या पावतीवर नऊ होते. मी पोटापाण्यासाठी असेच क्रमांक तपासणारे प्रोग्राम लिहितो, आणि तो कागद पाच महिने फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवला होता.

फेब्रुवारीपासून त्याने फोन घेणे बंद केले. सरकारी हेल्पलाइनला लावला तर पहिल्यांदा एक यंत्र बोलते, ते आपल्या प्रत्येक वाक्याचा भलताच अर्थ लावते आणि शेवटी संकेतस्थळ पाहा असे सांगून फोन ठेवते. चौथ्या प्रयत्नाला माणूस परत फोन करेल असे ठरले. तो फोन सकाळी सात चाळीसला, मी महामार्गावर गाडी चालवत असताना आला. माझ्या नावावर एन-४०० नोंदलेलाच नाही, एवढे फोनवरच्या बाईने सांगितले. मग आता काय करू, या प्रश्नावर ‘आम्ही कायदेशीर सल्ला देत नाही’ हे उत्तर मिळाले. स्वतःच्या सरकारी फाइलची प्रत माहितीच्या अधिकारात फुकट मागवता येते. ती मागवली आणि पाच आठवड्यांनी खात्री पटली की काहीच दाखल झालेले नव्हते.

बँकेने सांगितले की पैसे तुम्ही स्वतःच्या मर्जीने पाठवले, त्यामुळे ही फसवणूक आमच्या व्याख्येत बसत नाही. पोलीस ठाण्यात तरुण अधिकाऱ्याने आमच्या पावतीकडे पाहून ‘हा दिवाणी मामला आहे’ असे जाहीर केले; सरकारी बोधचिन्ह छापून खोटा कागद बनवणे हा दिवाणी मामला कसा, यावर त्याने खांदे उडवले. वकिलांच्या शिस्तीचे काम पाहणाऱ्या कार्यालयाने कळवले की तो वकील नसल्यामुळे त्याच्यावर त्यांची सत्ता चालत नाही. ग्राहक तक्रारींच्या खात्याने सांगितले की वकिली केल्याची तक्रार असल्यामुळे ती वकिलांशी संबंधित कार्यालयाकडे न्यावी. म्हणजे जो वकील नाही म्हणून गुन्हेगार, तोच वकील नाही म्हणून सुरक्षित! एका केंद्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर मी पाऊण तास बसून तक्रार लिहिली, तेव्हा शेवटी उत्तर आले की वैयक्तिक तक्रारी सोडवल्या जात नाहीत, माहिती साठवली जाते. माझे ४,६९० डॉलर आता माहिती म्हणून साठवलेले आहेत. मंडळाचे तर विचारूच नका. ‘आम्ही फक्त स्टॉलचं भाडं घेतलं,’ असे अध्यक्ष म्हणाले, आणि मग हळूच, ‘आपल्याच माणसाची बदनामी कशाला करता?’ आपला माणूस! मी त्यांचा कोण होतो, ते विचारायचे राहून गेले.

एप्रिलमध्ये २५० डॉलर देऊन मी खऱ्या वकीलबाईंकडे गेलो. जाण्याआधी त्यांचे नाव राज्याच्या वकील-यादीत तपासले. दोन मिनिटे लागली. वकील कोणत्याही राज्याचा चालतो, आणि वकील नसेल तर न्याय खात्याने मान्यता दिलेला संस्थेचा प्रतिनिधी लागतो. त्याचीही यादी खुली आहे. असा माणूस जी-२८ नावाचा फॉर्म भरून आपले नाव सरकारदरबारी नोंदवतो. जी-२८ चा विषय काढल्यावर समोरचा हसून बोलणे बदलू लागला तर चहा न पिता उठावे. वकीलबाईंनी आमच्या अर्जाची प्रत वाचली, बायकोच्या दोन भागांत दाखवलेल्या प्रवासापाशी थांबल्या आणि म्हणाल्या की त्याने अर्ज दाखल केला नाही हेच तुमचे नशीब. विमानतळावरच्या प्रत्येक प्रवेशाची नोंद सरकारकडे असते. शपथेवर दिलेली खोटी तारीख सापडली असती तर नागरिकत्व दूरच, ग्रीन कार्डवरही बालंट आले असते. ते २०४ दिवस खरेखुरे सांगण्यात काही भयंकर नव्हते. इथले घर, माझी नोकरी, भरलेले कर यांचे पुरावे जोडता आले असते, किंवा तो प्रवास पाच वर्षांच्या हिशेबाबाहेर जाईपर्यंत, म्हणजे जुलै २०२६ पर्यंत, थांबता आले असते. बायको थांबली आहे. हे तिने मला एकदाही ऐकवले नाही, त्याचाच त्रास जास्त होतो.

माझा अर्ज मी २ मे २०२५ ला, स्वतःच्या खात्यातून, ज्या पत्त्याचा शेवट ‘डॉट गव्ह’ असा आहे त्या संकेतस्थळावर, ७१० डॉलरमध्ये भरला. दोन संध्याकाळी पुरल्या. पावती ताबडतोब आली; मी आकडे बोट ठेवून मोजले, दहा होते. परीक्षेचे प्रश्न आणि उत्तरे तिथेच फुकट मिळतात, त्यांच्या ‘हमखास’ वर्गासाठी कोणी पैसे मागितले तर तेही देऊ नयेत. पासपोर्ट किंवा ग्रीन कार्ड मूळ स्वरूपात कोणाच्याही तळघरात ठेवू नये. आमच्या बाबतीत तेवढे एक वाचले, तेही बायकोने पर्स बंद केली म्हणून.

छोट्या दाव्यांच्या न्यायालयात न्यू जर्सीत ५,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो. मी लावला आहे. पहिले समन्स तळघराच्या पत्त्यावरून परत आले, कारण ते घर भाड्याचे होते आणि तो ते सोडून गेला आहे. दुसरे एका भाड्याच्या टपालपेटीच्या पत्त्यावरून परत आले. यंदाच्या गणपतीत तो शेजारच्या राज्यातल्या एका मंडळात दिसला, असे दोघांनी सांगितले. त्या दोघांकडेही माझ्यासारखीच पावती आहे, नऊ आकड्यांची, पण त्यांपैकी एकाला नाव पुढे यायला नको आहे आणि दुसऱ्याच्या घरी अजून सांगितलेले नाही. न्यायालयाला त्याचा राहता पत्ता हवा आहे. तारीख १४ ऑक्टोबरची आहे. आणखी कोणाकडे तशी पावती असेल तर व्हॉट्सॲपवरचे संदेश पुसू नका, झेलच्या नोंदी उतरवून ठेवा आणि मला कळवा.