एगर: माळकऱ्याने पाहिलेलं वाइनचं गाव

गळ्यात तुळशीची माळ आणि मुलाची नोकरी हंगेरीतल्या एगरला, जिथे सणवार वाइनवाचून सुरूच होत नाहीत. पण नाशिककडे जानोरीजवळ आमची चार एकर द्राक्षबाग, त्यामुळे ओढ होतीच. व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, म्हणून दोन खेपा केल्या. द्राक्षाची फळासाठीची गोडी छाटणी उरकून ऑक्टोबरअखेर ते ५ जानेवारी, आणि उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर २५ मे ते २० ऑगस्ट. बाग भावाच्या हवाली. परत आल्यापासून पंचवटीतले मित्र विचारतात, पैसे वसूल होतात का? त्यांच्यासाठी हे लिहितोय.

गाव बुडापेस्टहून रेल्वेने दोन तासांवर. लोकवस्ती पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या नाशिकच्या सिडकोचा एक कोपरा.

पहिली गाठ ११ नोव्हेंबरच्या संत मार्तोनच्या दिवसाशी. त्या दिवशी नवी वाइन चाखायची आणि बदक जातीतला हंस खायचा, नाही खाल्ला तर वर्षभर उपाशी राहाल अशी म्हण. आम्ही दोघांनी बटाटे आणि लाल कोबी खाल्ला. वर्ष संपत आलं, अजून उपाशी राहिलेलो नाही.

खरा जीव रमला तो डिसेंबरात. १३ तारखेला संत लुत्साचा दिवस असतो. मुलाच्या घरमालकीण आजी एक खोलगट बशी घेऊन वर आल्या, त्यात गहू पसरले, पाणी शिंपडलं आणि खिडकीत ठेवून दिलं. नाताळपर्यंत दाट हिरवं उगवलं तर पुढचं पीक चांगलं. हिने माझ्याकडे पाहिलं, मी हिच्याकडे. अहो, हा तर घट! फक्त माळ नाही, देवी नाही, आणि नऊऐवजी बारा दिवस. आजींना मराठी येत नाही, आम्हाला हंगेरियन येत नाही, तरी हिने फोनवर आमच्या देवघरातल्या घटाचा फोटो दाखवला आणि त्या कितीतरी वेळ हिचा हात धरून बसल्या. नाताळाला त्यांनी त्या गव्हात मेणबत्ती उभी केली. आमच्याकडे उगवलेलं धन आपण टोपीत, कानात खोचतो, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

२७ तारखेला संत योहानच्या दिवशी चर्चमध्ये वाइनला आशीर्वाद देतात. मी एक थेंब बोटावर घेऊन कपाळाला लावला. माळेला चालतं की नाही, ते आमच्या दिंडीतल्या महाराजांना अजून विचारलेलं नाही.

नाताळबाजार रोषणाईपुरता पाहावा. एका लांगोशच्या पैशात इथे दोघांची मिसळ आणि वर ताक होतं. लांगोश म्हणजे मोठ्या भटुऱ्यासारखी तळलेली पोळी, वर आंबट साय आणि चीज. चव उत्तम, खिशाला जड.

दुसऱ्या खेपेला उतरलो तोच ओर्बानचा दिवस, २५ मे. हा द्राक्षवाल्यांचा संत. त्या दिवशी ऊन पडलं तर हंगाम चांगला, आणि पाऊस पडला तर पूर्वी काही गावांत त्याच्या पुतळ्यावर चिखल फेकायचे. मला हा संत फार आवडला. गारपिटीच्या वर्षी आम्ही कुणावर फेकायचं?

जुलैत आर्चबिशपच्या बागेत बिकावेरची जत्रा असते. बिकावेर म्हणजे बैलाचं रक्त, इथल्या तांबड्या वाइनचं नाव. मुख्य द्राक्ष केकफ्रांकोश. तुम्ही पीत नसाल तर तासाभरात कंटाळाल. मी बागाईतदारांना गाठून छाटणीचं विचारत बसलो. त्यांच्याकडे वर्षात एकदाच, थंडी सरताना छाटणी. आपल्या दोन छाटण्या ऐकून ते हसले. तिथेच एका दुकानाने "शाकाहारी" म्हणून दिलेल्या लेचोत, म्हणजे ढोबळी मिरची-टोमॅटोच्या रस्स्यात, सॉसेजचे तुकडे निघाले. "हूश नेल्क्युल", म्हणजे मांसाशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करून जा.

ऑगस्टात किल्ल्यावर जुन्या वेशातले शिपाई, लोहार, तोफा. १५५२ साली जेमतेम दोन हजार माणसांनी सव्वा महिना तुर्कांना अडवलं, त्याचा हा उत्सव. बायांनी तटावरून उकळता डांबर ओतला म्हणतात. १५९६ ला गड गेलाच, त्या काळाची खूण म्हणून गावात ४० मीटरचा मिनार उभा आहे. आपला नाशिकजवळचा रामशेज किल्ला मुघलांशी पाच वर्षांहून जास्त झुंजला आणि त्याच्या पायथ्याशी आम्ही उसाचा रस पितो. तिकीट काढून किल्ला बघताना मला हेच आठवत होतं.

२० ऑगस्टला नव्या गव्हाच्या पावाला लाल-पांढरी-हिरवी फीत बांधून आशीर्वाद देतात. संध्याकाळी आतषबाजी, आणि रात्री आमची बॅग भरलेली.

आरसा लावलेला मधाच्या पिठाचा लाल बदाम (हृदयाच्या आकाराचं बिस्किट) आणि केकफेश्तो, म्हणजे निळीच्या छाप्याचं कापड, हे दोन्ही घ्या. बाकी घासाघीस चालत नाही. पाचपैकी साडेतीन गुण. एकदाच जायचं असेल तर डिसेंबरात जा, आणि १३ तारखेच्या आत पोचा. आमची बशी हिने यंदा देव्हाऱ्यात ठेवायला बाजूला काढलीच आहे.