लॅबव्ह्यूचं पॅलेट: हवं तसं लावता येतं, नव्या आवृत्तीत मात्र पुन्हा लावावं लागतं

गोव्यातल्या वेर्णा, कुंडईकडच्या कारखान्यांत टेस्ट बेंचवर (तपासणीच्या टेबलावर) जे लॅबव्ह्यू, म्हणजे ब्लॉक वायरींनी जोडून मोजमापाचे प्रोग्राम करण्याचं सॉफ्टवेअर, चालतं, त्यात रोज लागणारे ब्लॉक मोजकेच: मोजमाप घेणाऱ्या कार्डांसाठी डीएक्यूएमएक्स, सिरियल पोर्टसाठी व्हिसा, लूप, केस (अटीनुसार वाट निवडणारा ब्लॉक), फाइल लिहिणं आणि कंपनीचे स्वतःचे व्हीआय (लॅबव्ह्यूत केलेले प्रोग्राम). पॅलेट म्हणजे हे ब्लॉक जिथून ओढून घ्यायचे ती खिडकी, आणि तिच्यातला बाकीचा पसारा झाकता येतो. पॅलेट पिनने टाचा, 'कस्टमाइज' दाबा आणि 'चेंज व्हिजिबल पॅलेट्स'मध्ये नको त्या खुणा काढा. नव्या डिप्लोमावाल्याला बसवायचं असेल तर तिथेच चित्रासोबत नाव दिसणारा प्रकार निवडून द्या. नुसत्या चित्रांवरून त्याला काही उमगत नाही.

खरी ताकद 'टूल्स → अ‍ॅडव्हान्स्ड → एडिट पॅलेट सेट'मध्ये आहे. मोकळ्या जागेवर राइट-क्लिक करून 'इन्सर्ट'मधून सबपॅलेट घाला. इथे दोन वाटा आहेत. फोल्डरला जोडलेलं सबपॅलेट त्यातली प्रत्येक फाइल आपोआप दाखवतं. स्वतंत्र एमएनयू फाइल (पॅलेटची मांडणी साठवणारी) केली तर काय दिसावं आणि कुठल्या क्रमाने, ते तुमच्या हातात राहतं. आमचं मत दुसऱ्या वाटेला. मुख्य व्हीआयच्या पोटातले मदतनीस व्हीआय पॅलेटवर आले की कुणीतरी तेच ओढून वायर जोडतो आणि मग चूक शोधत बसावं लागतं. मात्र या वाटेने नवा व्हीआय फोल्डरमध्ये टाकला तरी पॅलेटवर येत नाही, तो हाताने घालावा लागतो. 'फाइल आहे, दिसत का नाही?' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

एक सोय फारशी कुणी वापरत नाही, आणि ती अप्रतिम आहे. एडिटरमध्ये व्हीआयवर राइट-क्लिक करून 'प्लेस व्हीआय कंटेंट्स' निवडा. मग तो ओढला की सबव्हीआयचा (दुसऱ्या व्हीआयच्या आत वापरलेल्या व्हीआयचा) डबा न येता आतला कोड थेट डायग्रामवर उतरतो. एरर वायर, स्टॉप बटण, फाइल बंद करणं असा तयार सांगाडा यातूनच द्यावा.

फाइली ठेवायच्या लॅबव्ह्यूच्या 'यूजर.लिब' फोल्डरमध्ये: व्हीआय 'यूजर लायब्ररीज'खाली दिसतात, कंट्रोल (पडद्यावरची बटणं, आकड्यांचे चौकोन वगैरे) 'यूजर कंट्रोल्स'खाली. लॅबव्ह्यू बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय दिसतील असं धरू नका. हा फोल्डर प्रोग्राम फाइल्सच्या आत असल्यामुळे अ‍ॅडमिन हक्क नसतील तर लिहिता येत नाही. आयटीवाल्यांकडून ते आधी मागून घ्या. मूळ पॅलेटमध्ये केलेले बदल मात्र त्या-त्या यूजरच्या डॉक्युमेंट्समधल्या 'लॅबव्ह्यू डेटा'त जातात, म्हणून दुसऱ्या पाळीच्या माणसाने आपल्या लॉगिनने उघडलं की त्याला जुनंच पॅलेट दिसतं. सामायिक संगणकावर मूळ पॅलेटला हात न लावलेला बरा.

कंट्रोल-स्पेसने उघडणारं क्विक ड्रॉप (नाव टाइप करून ब्लॉक शोधायची खिडकी) हीही पॅलेटवरच्या वस्तू शोधते, त्यामुळे ही मेहनत कीबोर्डवाल्यांनाही लाभते.

मोठी उणीव एकच. प्रत्येक आवृत्तीचा यूजर.लिब वेगळा, 32-बिट आणि 64-बिटचेही वेगवेगळे. अपग्रेड झालं की पॅलेट रिकामं. फाइली कॉपी करून भागतं, पण नव्या आवृत्तीत सेव्ह केलेले व्हीआय जुन्या बेंचवर उघडत नाहीत. दोन-तीनपेक्षा जास्त बेंच असतील तर व्हीआय पॅकेज मॅनेजरने (व्हीआय एकत्र बांधून दुसऱ्या संगणकांवर बसवणाऱ्या साधनाने) पॅकेज बांधा, सगळ्यात जुन्या आवृत्तीत. पॅलेटची मांडणीही त्यातच जाते.