निळ्या मॉर्फोचा काचेचा डोम: नवतप्यात आणि कुलरच्या खोलीत

विकत मिळणारा 25 सें.मी. उंच शोभेचा डोम, एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची) बैठक, रंगवलेलं शेवाळ, एक ॲमेथिस्ट, एक पांढरा स्टिल्बाइट आणि वर तारेवर निळा मॉर्फो, म्हणजे वाळवलेलं फुलपाखरू. स्टिल्बाइटसाठी वेगळे पैसे मोजायचं कारण नाही. बुलढाणा-यवतमाळच्या काळ्या दगडात विहीर खोदताना असे खडे निघतात.

फुलपाखरू उत्तम आहे. मॉर्फोचा निळा रंग खवल्यांच्या रचनेतून दिसतो, रंगद्रव्यातून नाही, म्हणून पटकन उडत नाही. उन्हात फिका पडतो तो ॲमेथिस्ट. त्यामुळे खिडकी टाळाच.

खरी गडबड चिकटवण्यात आहे. ग्लू गनचा गोंद वापरलाय. टिनाच्या छताखाली नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) तो मऊ पडतो आणि फुलपाखरू एका अंगावर कलतं. तारेच्या टोकावरचा गोंद ब्लेडने खरवडा, टूथपिकने इपॉक्सीचा एक थेंब छातीच्या खालच्या बाजूला लावा, 24 तास आधार देऊन ठेवा. पंखांना चिमटा लावू नका, वाळलेले पंख लगेच तुटतात.

दुसरा शत्रू कुलर. शेवाळात ग्लिसरीन असतं, ते दमट हवेतलं पाणी ओढतं. मग हिरवा रंग पाझरतो, एमडीएफ फुगतं, फुलपाखराचे पंख खाली झुकतात. म्हणजे इथे पावसाळा एप्रिलपासूनच धरायचा. डोम कुलर नसलेल्या खोलीत ठेवा. शेवाळाखाली 10 ग्रॅमच्या सिलिका जेलच्या दोन पुड्या सरकवा, केशरी दाण्यांच्या. निळ्यात कोबाल्ट असतो. रंग बदलला की पुड्या बदला.

पंखाखाली बारीक भुसा दिसला तर आत केसाळ अळी आहे. डांबरगोळी टाकू नका, डोममध्ये कुठे थर्माकोल असेल तर तिच्या वाफेने तो विरघळू शकतो. फुलपाखरू तारेसकट काढून डब्यात ठेवा, डबा पिशवीत बंद करा आणि उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडली तर पंखांवर पाणी धरतं. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. लाइन सारखी जात असेल तर घरच्या फ्रीजवर विसंबू नका, तालुक्याला आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर बघा.

बिलावर शास्त्रीय नाव, देश आणि फुलपाखरू पाळीव पैदाशीचं असल्याचा उल्लेख मागून घ्या. मेळघाटातलं वगैरे म्हणून कोणी विकत असेल तर हात लावू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या यादीत फुलपाखरंही आहेत.