कांजीचं सशुल्क अ‍ॅप, फुकटचं आंकी आणि ११० येनची वही: एन-थ्री ते एन-टूच्या वाटेवरचा अनुभव

गेल्या आठवड्यात कांजी, म्हणजे जपानीतली चिनी मूळची चित्राक्षरं, शिकवणाऱ्या एका अ‍ॅपने माझ्या कार्डावरून पुढच्या वर्षाची वर्गणी कापून घेतली. आधी ईमेल नाही, अ‍ॅपमध्ये सूचना नाही. पैसे परत मागितले तर "अटींत बसत नाही" एवढं एका ओळीचं उत्तर आलं. अ‍ॅपचं नाव लिहीत नाही, कारण खाली जे सांगणार आहे ते अशा कुठल्याही अ‍ॅपला लावून बघता येईल. आणि माझा मूळ राग वर्गणीवर नाहीच, फाँटवर आहे.

जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेतल्या एन-फोर पातळीपर्यंत (एन-फाइव्ह सगळ्यात सोपी, एन-वन सगळ्यात अवघड) मी पुण्यात शिकले. पुढचा अभ्यास नागोयात नोकरी सांभाळून चालला आहे. या टप्प्यावरच्यांना वेगळं सांगायला नको की एन-फोरनंतर कांजीचा खेळच बदलतो. २०१० च्या आधीच्या परीक्षेत तिसऱ्या पातळीला साधारण ३०० कांजी लागायच्या, दुसऱ्या पातळीला साधारण १०००. आजच्या एन-फोर आणि एन-टू ढोबळमानाने त्याच उंचीवर आहेत, एन-थ्री नंतर मध्ये घातली. म्हणजे मधल्या चढावर सातशेच्या आसपास कांजी अंगावर येतात. डोंगर, नदी, झाड अशी चित्रं आठवून भागवण्याचे दिवस संपलेले असतात. आता एकसारखे दिसणारे, एकसारखे वाचले जाणारे, एखाद्याच रेघेने वेगळे असलेले गट समोर येतात. इथे आकृती अचूक दिसणं हीच पहिली गरज आहे.

माझ्या फोनवर अ‍ॅपमधल्या कांजी चिनी वळणाच्या दिसत होत्या.

हे लक्षात आलं ते 'होने', म्हणजे हाड, या कांजीवरून. तिच्या वरच्या भागात एक छोटा कोपरा असतो. जपानी लिखाणात तो उजव्या बाजूला चिकटतो, चीनमधल्या आजच्या लिखाणात डाव्या. प्रश्नाच्या पानावर कोपरा डावीकडे होता. त्याच कार्डावर खाली रेघांचा क्रम दाखवणारं हलतं चित्र होतं, त्यात तो उजवीकडे. एकाच कार्डावर एकाच कांजीची दोन रूपं! मग 'नाओसु'मधली, म्हणजे दुरुस्त करणे यातली कांजी तपासली. जपानीत तिच्या डाव्या बाजूला उभी रेघ खाली येऊन उजवीकडे वळते. माझ्या पडद्यावर तो वळसाच नव्हता, नुसती आडवी रेघ होती. त्यानंतर मला प्रत्येक कार्डाचा संशय यायला लागला.

कारण तांत्रिक आहे आणि जुनं आहे. युनिकोडने, म्हणजे संगणकावरच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीने, चिनी, जपानी आणि कोरियन लिखाणातल्या एकाच मूळच्या चित्राक्षरांना एकच क्रमांक दिला. १९९२ सालच्या पहिल्या संचात अशी २०,९०२ अक्षरं होती. कुठलं रूप दाखवायचं ते फाँट ठरवतो, आणि कुठला फाँट उचलायचा ते फोन भाषेवरून ठरवतो. फोनची भाषा मराठी किंवा इंग्रजी असेल आणि अ‍ॅपने "हा मजकूर जपानी आहे" असं सांगितलं नसेल, तर बऱ्याच फोनवर चिनी रूप पुढे येतं. मराठी वाचकाला हे लगेच कळेल. आपला पाकळीचा 'ल' आणि हिंदी वळणाचा 'ल' यांचा युनिकोड क्रमांक एकच आहे, 'श'चंही तसंच, आणि समोर कुठला येईल ते फाँटच्या हातात. आपण तो बदललेला 'ल' वाचून पुढे जातो, कारण अक्षर आपल्या हाडीमाशी आहे. कांजी नव्याने शिकणाऱ्याकडे तसा आधार नसतो. समोर दिसेल तेच तो मनात कोरतो.

मी अ‍ॅपच्या ग्राहक सेवेला दोन्ही रूपांचे स्क्रीनशॉट पाठवले. उत्तर आलं, "फाँट तुमच्या उपकरणावर अवलंबून आहे, कृपया फोनची भाषा जपानी करा." अख्खा फोन जपानी करायचा, बँक आणि नकाशासकट? नोटो सान्स या फाँटचा जपानी संच २०१४ पासून फुकट उपलब्ध आहे, तो अ‍ॅपमध्ये घालायला कोणाची परवानगी लागत नाही. तेही नको असेल तर मजकुरावर जपानी भाषेची खूण केली तरी पुरतं. फुकटच्या अ‍ॅपने हे केलं नसतं तर मी सोडून दिलं असतं. वर्षाचे पैसे घेऊन कांजीच शिकवणाऱ्यांनी न करणं मला मान्य नाही.

उपाय शेवटी मीच शोधला, तो सोपा आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी वरच ठेवा आणि खाली दुसरी भाषा म्हणून जपानी जोडा. यादीत चिनी असेल तर जपानी तिच्या वर हवी. अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडा. माझ्याकडे हाडाचा कोपरा लगेच उजवीकडे आला.

फाँट सुधारल्यावर पुढचे काही महिने मी अ‍ॅप मन लावून वापरलं, आणि त्याच्या बाजूनेही लिहायला हवं. उच्चारांच्या ध्वनिफिती उत्तम आहेत. उदाहरणाची वाक्यं रोजच्या कामातली आहेत. नागोयाच्या कचऱ्याच्या पिशव्यांवरचं 'कानेन' आणि 'फुनेन', म्हणजे जळणारा आणि न जळणारा, अ‍ॅपमुळे पक्कं झालं. फाँटबद्दलचं माझं मतही थोडं मवाळ झालं. २०१९ साली सुरू झालेल्या रेइवा शकाच्या नावातली 'रेइ' छापील आणि हस्तलिखित अशा दोन रूपांत दिसते. छापील रूपात खाली सरळ उभी रेघ, हाताने लिहिताना बरेच जण काताकाना या जपानी उच्चारलिपीतल्या 'मा'सारखं लिहितात. मी त्यावरही तक्रार लिहायला बसले होते. पण जपानच्या सांस्कृतिक व्यवहार विभागाकडून २०१६ साली आलेली मार्गदर्शिका अशा फरकांना चूक मानत नाही, दोन्ही रूपं चालतात. त्यामुळे आता प्रत्येक रेघेवर मी वाद घालत नाही. हाडाचा उलटा कोपरा मात्र या सवलतीतला नाही, ती दुसऱ्या देशाची पद्धत आहे. तो आक्षेप कायम आहे.

दुसरा आक्षेप यादीवर. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत "एन-टूची संपूर्ण कांजी यादी" लिहिलं आहे. २०१० पासून परीक्षा घेणाऱ्या संस्था कांजीची अधिकृत यादी प्रसिद्धच करत नाहीत. अ‍ॅपची यादी सरळसरळ जुन्या परीक्षेवर बेतलेली आहे. ओसाकातली 'साका' आणि ओकायामातली 'ओका' तिच्यात नाहीत. या दोन्ही २०१० साली रोजच्या वापरातल्या २१३६ कांजींच्या सरकारी 'जोयो' यादीत आल्या, आणि २०२० पासून तर सगळ्या ४७ प्रांतांच्या नावांतल्या कांजी जपानी मुलं प्राथमिक शाळेतच शिकतात. पुणे-ओकायामा मैत्री उद्यानात फिरून आलेल्या माणसाने एन-टूची "संपूर्ण" यादी संपवावी आणि त्याला ओकायामा लिहिता येऊ नये, हे कसं चालेल?

आता शिकवण्याच्या पद्धतीबद्दल. अ‍ॅप प्रत्येक कांजीला एक गोष्ट जोडतं, इंग्रजीत. पहिल्या तीनेकशे कांजींना हे चालतं. पुढे गोष्टी एकमेकींत मिसळतात, आणि गोष्टीतून अर्थ आठवला तरी उच्चार आठवत नाही. मधल्या पातळीवर मला खरा हात दिला तो उच्चार सांगणाऱ्या भागाने. बहुसंख्य कांजी दोन भागांच्या असतात, एक भाग अर्थाची दिशा दाखवतो आणि दुसरा ओन्योमी, म्हणजे चिनीवरून आलेला उच्चार, सुचवतो. 'आओ', म्हणजे निळा, ही कांजी उजवीकडे असली की वाचन बहुतेक वेळा 'सेइ'. डावीकडे पाणी असेल तर 'सेइकेत्सु', स्वच्छता. सूर्य असेल तर 'काइसेइ', निरभ्र आकाश. शब्द असेल तर 'सेइक्यू', पैशांची मागणी. तांदूळ असेल तर स्टेशनवरच्या भाड्याचा फरक भरायच्या यंत्रावरचं 'सेइसान'. 'जोओहोओ', म्हणजे माहिती, यातली 'जोओ' फटकून वागते, तेवढी वेगळी पाठ करायची.

परीक्षेत तर हे गटच समोर येतात. 'केन'चं त्रिकूट बघा. उजवा भाग तिन्हींत एकच. डावीकडे घोडा असेल तर परीक्षेतली, 'शिकेन'. झाड असेल तर तपासणीतली, 'केन्सा'. टेकडी असेल तर धोक्यातली, 'किकेन'. एन-टूला शब्द, व्याकरण आणि वाचन मिळून १०५ मिनिटांचा एकच पेपर असतो. कांजीच्या पर्यायांवर रेंगाळलात की शेवटचे लांब उतारे हातचे जातात. अ‍ॅपमध्ये हे त्रिकूट तीन वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेलं आहे आणि सारख्या कांजी शेजारी ठेवून बघायची सोयच नाही. मी या त्रुटीला फाँटच्या खालोखाल जागा देते.

म्हणून वर्गणी चालू असतानाच मी आंकीकडे वळले. डेमियन एल्म्स यांनी २००६ साली आणलेलं हे कार्डांचं सॉफ्टवेअर संगणकावर फुकट, अँड्रॉइडवर स्वयंसेवकांनी बनवलेलं आंकीड्रॉइड फुकट. आयफोनवर मात्र एकदा पैसे मोजावे लागतात. दिसायला रूक्ष आहे आणि सुरुवातीला सेटिंग्ज अंगावर येतात. पण कार्डाच्या साच्यात जपानी भाषेची खूण एकदा घातली की फाँटचा प्रश्न कायमचा मिटतो, कोणाकडे तक्रार करावी लागत नाही. २०२३ पासून त्यात एफएसआरएस नावाची उजळणीची नवी पद्धत आहे, ती सेटिंग्जमध्ये चालू करून घ्या. किती टक्के लक्षात राहायला हवं ते सांगायचं, सुरुवातीला ९० असतं, मग कार्ड पुन्हा कधी दाखवायचं ते आंकी ठरवतं. मी गट करून कार्डं बनवली. पुढे एकाकी कांजी नाही, वाक्यातला शब्द. मागे वाचन, अर्थ आणि त्याच गटातल्या बहिणी. कार्डं स्वतः बनवण्यातच निम्मं पाठांतर होतं.

आणि वही. शंभर येनच्या दुकानात करासकट ११० येनला कांजीच्या सरावाची वही मिळते, प्रत्येक चौकटीत मध्ये उभी-आडवी तुटक रेघ. चौकटी जितक्या मोठ्या तितकं बरं, लहान चौकटींत जास्त रेघांच्या कांजी कोंबल्या जातात. परीक्षेत हाताने काही लिहायचं नसतं, म्हणून मी आधी वही अनावश्यक धरली होती. आता ती पद्धतीचा भाग आहे. कारण 'बो'च्या गटात खाली माती असेल तर थडगं, सूर्य असेल तर मावळणं, बळ असेल तर दुकानांच्या काचांवरची 'बोश्यू', म्हणजे भरती, हा फरक बोटांनी केल्यावर डोळा चुकत नाही. शिवाय वॉर्ड ऑफिसमधल्या अर्जावर पत्ता हाताने लिहायचा असतो, तिथे कीबोर्ड मदतीला येत नाही.

अ‍ॅपच्या एका वर्षाच्या वर्गणीत अशा वह्यांचा मोठा ढीग आला असता आणि उरलेल्या पैशांत एक चांगला कांजीकोश.

गुण द्यायचे तर ध्वनिफिती आणि वाक्यांसाठी अ‍ॅपला पाचपैकी दोन. आंकीला साडेचार, अर्धा गुण नवख्या माणसाला घाबरवतं म्हणून कापला. वहीला पाच.

पुण्या-मुंबईत डिसेंबरच्या एन-थ्रीची तयारी करणाऱ्यांना एवढंच सांगेन: असं कुठलंही अ‍ॅप विकत घेण्याआधी त्याच्या फुकटच्या मुदतीत हाडाची आणि 'नाओसु'ची कांजी उघडून बघा, फोनच्या भाषेला हात न लावता. दोन्ही जपानी दिसल्या तरच कार्डाचा क्रमांक द्या, आणि दिल्यावर त्याच दिवशी आपोआप नूतनीकरण बंद करा. माझ्या अ‍ॅपमध्ये ते बटण मुख्य सेटिंग्जमध्ये नाही, खात्याच्या पानावर सगळ्यात खाली 'काइयाकु', म्हणजे करार रद्द करणे, या शब्दामागे आहे.

पैसे परत मिळावेत म्हणून कार्ड देणाऱ्या बँकेकडे लेखी तक्रार दिली आहे. काही निष्पन्न झालं तर इथेच भर घालेन.