मिनेलॅब इक्विनॉक्स 800: पार्कातल्या जुन्या नाण्यांसाठी नऊ महिन्यांचा वापर

इक्विनॉक्स 800 हा मेटल डिटेक्टर, म्हणजे जमिनीतला धातू शोधणारं मशीन. वापर मार्च ते नोव्हेंबर. जागा मध्य न्यू जर्सीतली टाउनशिपची जुनी पार्कं, माती लाल आणि चिकट, कॉइल (जमिनीवरून फिरवायची चकती) मशीनसोबत येते तीच 11 इंची डबल-डी, म्हणजे आत D आकाराची दोन वेटोळी असलेली. समुद्रकिनारा आणि सोनं शोधण्याचे मोड वापरलेले नाहीत, त्यामुळे त्याबद्दल इथे काही मिळणार नाही. आता याच मालिकेतलं नवं 900 बाजारात आहे, तरी सेकंडहँड 800 घेऊ का असं विचारणारे बरेच असतात. नाण्यांसाठी घ्यायला हरकत नाही. मात्र स्क्रीनवरचा आकडा बघायचा आणि खणायचं एवढीच तयारी असेल, तर याच्या निम्म्या किमतीचं मशीन तेवढंच काम देईल. या मशीनची खरी करामत आवाजात आहे आणि तो कानात बसायला दोन-तीन महिने जातात.

आधी नाण्यांचं गणित. अमेरिकेत 1964 पर्यंतचे डाइम (10 सेंट), क्वार्टर (25 सेंट) आणि हाफ डॉलर 90 टक्के चांदीचे. 1965 च्या कायद्याने डाइम आणि क्वार्टरमधली चांदी गेली आणि तांब्याच्या गाभ्यावर तांबं-निकलचा थर असलेली नाणी आली. पेनी (1 सेंट) 1982 च्या मध्यापर्यंत 95 टक्के तांब्याची, वजन 3.11 ग्रॅम, त्यानंतरची जस्ताची, वर तांब्याचा पातळ मुलामा, वजन 2.5 ग्रॅम. निकल नावाचं 5 सेंटचं नाणं मात्र 75 टक्के तांबं आणि 25 टक्के निकल धातू, तसंच चालू आहे. अपवाद युद्धकाळातल्या 1942-45 च्या निकलचा, त्यात 35 टक्के चांदी आहे. पार्कात शोधायचं ते 1964 पर्यंतचं. बाकी सगळं म्हणजे बसभाडं.

कॉइलखाली धातू आला की स्क्रीनवर आकडा येतो; या मशीनवर आकडे उणे 9 ते 40. शून्याखाली लोखंड. निकल 12-13 वर येतं आणि तिथे चिकटून बसतं. जस्ताची पेनी साधारण 19 ते 21. पण जमिनीत मुलामा फुटून जस्त कुजायला लागलं की आकडा घसरत जातो. तांब्याची पेनी आणि नवा डाइम 24 ते 26. चांदीचा डाइम 26-27, म्हणजे नव्या डाइमच्या इतका शेजारी की आकड्यावरून फरक करणं फोल. नवा क्वार्टर 29-30, चांदीचा 31-32. हाफ डॉलर त्याच्याही वर. हे सगळं चार-पाच इंच खोलीपर्यंत. सात-आठ इंचांवर गेलेला चांदीचा डाइम 23 ते 29 च्या मध्ये उड्या मारतो, कारण नाण्याचा सिग्नल मातीच्या सिग्नलपुढे क्षीण होतो. आकडा नाचतोय, पण आवाज बारीक, गोड आणि दोन्ही बाजूंनी सारखा येतोय, तर खणा. जुनी नाणी बहुधा अशीच लागतात. 26 वर ठाम उभा राहणारा, दोन इंचांवरचा सिग्नल बहुतेक वेळा मागच्या वर्षीच्या सहलीचा असतो.

निकलची पंचाईत वेगळी. शीतपेयाच्या डब्यांचे जुने ओढून काढायचे टॅब 11 ते 16 मध्ये कुठेही येतात, आणि सोन्याची अंगठीही तिथेच. यात मशीनचा दोष नाही. डिटेक्टर धातू ओळखत नाही. तो वाहकता आणि आकार यांचा एकत्रित परिणाम मोजतो. ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा आणि तांबं-निकलचं मोठं नाणं या मोजणीत एकाच ठिकाणी पडतात. हे टॅब साठच्या दशकात आले आणि डब्यालाच जोडलेली झाकणं रूढ होईपर्यंत गवतात पडत राहिले. म्हणून ज्या पार्कात सत्तरच्या दशकात रविवारी गर्दी असायची, तिथे निकलसाठी दहा खड्डे म्हणजे बहुधा दहा टॅब. उपाय एकच: 13 वर न हलणारा सिग्नल खणायचा, 14-15 वर सरकणारा सोडून द्यायचा. त्यात एखादी अंगठी सुटेल. सुटू द्या.

सेटिंगबद्दल. पार्क 1 हा मोड पुरेसा आहे; पार्क 2 बारीक दागिन्यांकडे जास्त झुकतो आणि कचराही जास्त बोलून दाखवतो. सुरू केल्यावर पहिलं काम नॉइज कॅन्सल, म्हणजे आसपासच्या विजेचा गोंगाट टाळणं: कॉइल कमरेएवढ्या उंचीवर, अजिबात न हलवता, मशीन स्वतः चॅनेल निवडेपर्यंत थांबायचं. हे जमिनीवर कॉइल ठेवून केलं तर खाली पडलेलं एखादं बाटलीचं झाकण गोंधळ घालतं. मग ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा स्वतःचा सिग्नल बाजूला काढणं: धातू नसलेली जागा बघून कॉइल दोन इंचांपासून सहा-आठ इंचांपर्यंत वरखाली. लाल मातीत हे टाळलं तर खोलवरचे सिग्नल कुरकुरायला लागतात. सेन्सिटिव्हिटी 20, विजेच्या तारांखाली किंवा टेनिस कोर्टच्या दिव्यांजवळ 16-17 वर आणा. 25 वर नेऊन जास्त खोली मिळत नाही, फक्त बडबड वाढते. रिकव्हरी स्पीड (एका सिग्नलनंतर मशीन पुढच्यासाठी तयार होण्याचा वेग) 5. कचरा फार असेल तर 6, मोकळ्या गवतात 4. टोन, म्हणजे वेगवेगळ्या स्वरांची संख्या, 50 ठेवा. पाच टोनमध्ये डोकं कमी दुखतं, पण चांदीची ती वरची पातळ शिट्टी आणि झाकणाचा घोगरा आवाज यातला फरक पुसला जातो. दिवसभर 50 टोन ऐकणं म्हणजे शेजारच्या घरात हार्मोनियम शिकणारं पोर असल्यासारखं आहे, हे कबूल.

बिअरच्या पत्र्याच्या झाकणाने सगळ्यांनाच फसवलं आहे. पोलादाचा गोल, पसरट पत्रा. लोखंड असूनही त्यात प्रवाह इतका छान फिरतो की आकडा वीसच्या पुढे जातो. ओळखायची रीत अशी: आवाजावर कॉइल थांबवून हळूहळू स्वतःकडे ओढा. कॉइलचं पुढचं टोक टार्गेटवरून सरकताना नाण्याचा आवाज नुसता मावळतो. झाकण मात्र शेवटी लोखंडाची खर्ज लावतं. मग 90 अंशांत फिरून पुन्हा ऐका. एका दिशेने गोड आणि दुसरीकडून तुटक, तर बहुधा गंजका खिळा किंवा झाकण. अपवाद कडेवर उभ्या गेलेल्या नाण्याचा, तेही असंच अर्धं बोलतं. 1943 ची पेनी तर पोलादाची आहे, ती मशीन लोखंडात टाकू शकतं.

कॉइल जमिनीला समांतर, गवताला घासून, झोक्याच्या टोकाला वर न उचलता. पुढच्या पट्ट्याने आधीचा निम्मा पट्टा झाकला पाहिजे. दुपारभरात सगळं पार्क फिरून झालं असेल, तर काहीच बघून झालेलं नाही. दोन जुन्या ओकांमधली वीस फुटांची जागा दोन दिशांनी काढायला दोन तास सहज लागतात.

जागा निवडताना मुलांचं खेळायचं अंगण सोडा, तिथे लाकडाच्या चुऱ्यात नवीच नाणी असतात. मोठ्या झाडांची सावली, बर्फात घसरगुंडीला वापरायचा उतार, जुन्या बँडस्टँडची जागा, बेसबॉलच्या मैदानाची कड, बंद झालेली पायवाट हे खरं क्षेत्र. पायवाटेसाठी सॅनबॉर्न कंपनीचे जुने आगविम्याचे नकाशे बघावेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर पुष्कळ मोफत आहेत. एक खूण लक्षात ठेवा: झाडाच्या बुंध्याचा मुळांकडे पसरणारा भाग दिसत नसेल आणि खोड खांबासारखं सरळ जमिनीत गेलं असेल, तर तिथे भराव टाकलेला आहे. जुनी नाणी त्या भरावाखाली, कॉइलच्या आवाक्याबाहेर. आणि मुळं कापायची नाहीत, सिग्नल कितीही चांगला असला तरी.

आता खड्डा. पार्कात डिटेक्टरवर बंदी येते ती बहुधा यापायी. पिनपॉइंट मोडमध्ये आवाज सर्वांत मोठा होतो तिथे कॉइलच्या मध्याखाली टार्गेट आहे. घोड्याच्या नालासारखी कापणी करा: तीन बाजू कापायच्या, चौथी बिजागरीसारखी जोडलेली ठेवायची. व्यास चार-पाच इंच, खोली निदान चार इंच, पातं सरळ उभं. खोली कमी ठेवली तर मुळांना माती राहत नाही आणि आठवड्यात पिवळी चकती दिसायला लागते. तिरकं कापलं तर ही गवताची चकती, म्हणजे खड्ड्याचं झाकण, परत नीट बसत नाही. झाकण उलटवून आधी त्याच्यातच पिनपॉइंटर (हातात धरायचा छोटा डिटेक्टर) फिरवा, नाणं अनेकदा तिथे असतं. सुटी माती गवतावर न टाकता जुन्या टॉवेलवर. लाल मातीत चांदीच्या डाइमची कड नखाच्या चंद्रकोरीसारखी पांढरी चमकते, तांब्याची रेघ तिच्यात नसते. ती दिसली की खुरपं बाजूला ठेवा आणि बोटांनी माती सोडवा. एक ओरखडा आणि नाणं फक्त चांदीच्या भावाचं उरतं. काढल्यावर खड्डा पुन्हा तपासा, जोडीने पडलेली नाणी असतात. मग टॉवेल उचलून माती परत आत, झाकण खाली, पायाने घट्ट दाबायचं, बोटांनी गवत उभं करायचं. उरलं पाहिजे ते काहीच नाही. उन्हाळ्यात बाटलीभर पाणी ओता. जुलै-ऑगस्टच्या कोरड्या आठवड्यांत झाकण कापूच नका, कितीही नीट बसवलं तरी मरतं. तेव्हा फक्त दोन इंचांपर्यंतची नाणी बोथट स्क्रूड्रायव्हरने फट पाडून काढायची. स्प्रिंकलरच्या डोक्यांच्या ओळीत येणारा लांबट सिग्नल पाइपचा किंवा वायरचा असतो, त्याला हात लावायचा नाही.

पिनपॉइंटरमध्ये पैसे वाचवू नयेत. या नऊ महिन्यांत सुरुवातीला एक स्वस्तातला वापरला, नाव घेत नाही. ओल्या मातीत टोक दाबलं की नुसताच वाजत राहायचा. हेडफोनचंही तसंच. 800 सोबतचे कमी विलंबाचे आहेत. साधे ब्लूटूथ इअरबड लावले तर आवाज कानात पोचेपर्यंत कॉइल पुढे गेलेली असते आणि तुम्ही नाण्याच्या शेजारी खणत बसता. मशीन तीन मीटर पाण्यात चालतं, हे हेडफोन नाही.

घरी आल्यावर सिंकपाशी खरी परीक्षा. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट यातलं काहीही चांदीच्या नाण्याला लावायचं नाही. आपल्याकडे देवाची भांडी लख्ख करायची सवय हाताला असते, ती इथे आवरावी लागते. डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर भिजवा, धारेखाली माती जाऊ द्या, मऊ फडक्यावर टिपून घ्या, पुसू नका. तांब्याच्या जुन्या पेनीवरची हिरवट-तपकिरी साय हेच तिचं संरक्षण आहे, लाकडी टूथपिकच्या पुढे जाऊ नका. बाजारात चालणारी नवी नाणी मात्र खुशाल टम्बलरमध्ये, म्हणजे नाणी घोळवणाऱ्या फिरत्या डब्यात टाका: फिशटँकचे खडे, पाणी, साबणाचा थेंब. पेनी वेगळ्या फिरवा, नाहीतर सगळे क्वार्टर गुलाबी होऊन निघतात.

परवानगी आधी, मशीन नंतर. नॅशनल पार्कमध्ये डिटेक्टर नुसता जवळ बाळगणंही गुन्हा आहे. संघीय सरकारच्या जमिनीवरच्या पुरातत्त्वीय महत्त्वाच्या, शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना 1979 चा संघीय कायदा लागू होतो. गावच्या पार्काचा नियम गावोगाव वेगळा. न्यूयॉर्क शहराच्या पार्कात परमिट लागतं. पार्क विभागाला ईमेल करा आणि उत्तराची प्रत खिशात ठेवा.

सुट्टीत हे मशीन गावी नेऊन शिवराई शोधू का, असा प्रश्न हमखास येतो. नको. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे: जमिनीत दडलेलं दहा रुपयांवरचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, स्वतःच्या शेतात सापडलं तरीही. संरक्षित किल्ल्यांवर तर खणणंच बेकायदा.

बॅटरी आतली आहे, पूर्ण चार्जवर एक दिवस निघतो. चार्जिंगचं टोक चुंबकाचं असल्यामुळे त्याला लोखंडी कीस चिकटतो, लावण्याआधी पुसा. कॉइलचं कव्हर महिन्यातून एकदा काढून आतली माती धुवा, तिच्यामुळे खोटे आवाज येतात. जमीन गोठली की खुरपं आत जात नाही. हिवाळ्यासाठी मशीन ठेवून देताना बॅटरी निम्मी भरलेली असू द्या, आणि गॅरेजच्या थंडीत न ठेवता घरातल्या कपाटात.