सुटा दुसरा खंड घेऊ नका: कॅल्विनच्या 'इन्स्टिट्यूट्स'ची मॅकनील-बॅटल्स आवृत्ती

जुन्या पुस्तकांच्या दुकानात या आवृत्तीचा दुसरा खंड सुटा दिसला, तर मोह आवरा. 'इन्स्टिट्यूट्स' म्हणजे १६ व्या शतकातला धर्मसुधारक जॉन कॅल्विन याने लिहिलेला ख्रिस्ती शिकवणीचा ग्रंथ. जॉन मॅकनील यांनी संपादित केलेला आणि फोर्ड लुइस बॅटल्स यांनी लॅटिनमधून इंग्रजीत आणलेला हा ग्रंथ वेस्टमिन्स्टर प्रेसने १९६० साली दोन खंडांत काढला. ग्रंथाची मूळ चार पुस्तके आहेत, पण खंड पाडताना तिसरे पुस्तक मधूनच चिरले गेले. पहिला खंड त्याच्या १९ व्या प्रकरणाशी थांबतो आणि दुसरा २० व्यापासून सुरू होतो. २० वे प्रकरण प्रार्थनेचे, आणि त्याला लागून २१ ते २४ ही पूर्वनियोजनाची, म्हणजे कोणाचे तारण होणार आणि कोणाचे नाही हे देवाने आधीच ठरवले आहे या शिकवणीची, चार प्रकरणे. विश्वास, पश्चात्ताप, नीतिमान ठरणे हे सगळे पहिल्या खंडात राहते. सुटा दुसरा खंड घेणारा माणूस उंबरठा न ओलांडता थेट माजघरात उतरतो आणि मग घर अंधारे आहे म्हणून तक्रार करतो.

कॅल्विनने ही प्रकरणे कुठे ठेवायची याचा बराच विचार केला होता. १५३६ ची बाझेलची पहिली आवृत्ती अवघ्या सहा प्रकरणांची. तीत पूर्वनियोजनाला वेगळे प्रकरणच नाही. १५३९ च्या आवृत्तीत प्रकरणे १७ झाली आणि देवाचे जगावरचे नियंत्रण व पूर्वनियोजन हे दोन्ही विषय एकाच प्रकरणात आले. १५५९ च्या शेवटच्या लॅटिन आवृत्तीत ८० प्रकरणे झाली, तेव्हा त्याने हे दोन विषय फोडले. जगाचे नियंत्रण पहिल्या पुस्तकात, निर्मितीच्या जोडीला गेले. पूर्वनियोजन तिसऱ्या पुस्तकात, म्हणजे ख्रिस्ताची कृपा माणसापर्यंत कशी पोचते याच्या विवेचनात, तेही शेवटाजवळ बसवले. विश्वास ठेवलेल्या माणसाने मागे वळून 'हे मला कसे मिळाले?' असे विचारावे, तिथे या विषयाची जागा आहे. कॅल्विनच्या साऱ्या विचाराचा पाया पूर्वनियोजन, हे ठरलेले वाक्य पुढच्या वेळी कानावर आले की अनुक्रमणिका दाखवावी. या चार प्रकरणांची कलमे अनुक्रमे ७, ११, १४ आणि १७, एकूण ४९. एकट्या प्रार्थनेच्या प्रकरणाची ५२.

मराठी वाचकाचा गैरसमज मात्र वेगळ्या वाटेने येतो. 'आधीच ठरलेले' हे शब्द ऐकले की आपल्याकडे सटवाई आठवते, नाहीतर प्रारब्ध. दोन्ही उपमा फसव्या आहेत. प्रारब्ध हे आपल्याच मागच्या कर्माचे फळ, म्हणजे एका अर्थी कमावलेले. कॅल्विनचे म्हणणे नेमके उलट आहे. माणूस पुढे काय करील हे आधीच पाहून देवाने त्याला निवडले, एवढेसुद्धा तो मान्य करत नाही. २२ वे प्रकरण याच मुद्द्यावर खर्ची पडले आहे. सटवाईचा लेख आणखी दूरचा, कारण तिच्या लिहिण्यामागे हेतू नसतो. कॅल्विनला आंधळे दैव नकोच आहे. स्टोइक या प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांच्या दैववादाशी आपला संबंध नाही, हे तो १.१६.८ मध्ये स्पष्ट सांगतो. दक्षिणेतल्या वैष्णवांचा मांजरीच्या पिलाचा दृष्टान्त त्यातल्या त्यात जवळचा. पिलू आईला धरत नाही, आई त्याला तोंडात धरून नेते. पण तिथेही एका पिलाला उचलले आणि दुसऱ्याला ठेवले असे कोणी म्हणत नाही, आणि कॅल्विन तेच म्हणतो.

(१.१६.८ म्हणजे पुस्तक, प्रकरण, कलम. १५५९ च्या आवृत्तीच्या सगळ्या भाषांतरांत हे आकडे तेच राहतात, म्हणून संदर्भ देताना पानाचा आकडा देण्याच्या भानगडीत पडू नये.)

'असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी' या वृत्तीला उत्तर १.१७.३ आणि १.१७.४ मध्ये आहे, आणि ही दोन कलमे ग्रंथातली सर्वांत उपयोगी म्हणावी लागतील. सगळे ठरलेलेच आहे तर वाट धोक्याची आहे म्हणून प्रवास का टाळायचा, वैद्याला का बोलवायचे, पडायला आलेल्या घरात राहायला का भ्यायचे, असे विचारणाऱ्यांचा तो समाचार घेतो. त्याचे उत्तर साधे आहे. ज्याने आयुष्याची मर्यादा घातली त्यानेच आयुष्याची काळजीही आपल्यावर सोपवली, साधने दिली, धोक्याची सूचना दिली. औषध घेणे हे ठरलेल्याच्या विरुद्ध जाणे नाही; ठरलेले बहुधा औषधातूनच घडते.

सुवार्तेबद्दलचा आक्षेप याच जातीचा आहे. निवड झालीच असेल तर उपदेश कशाला? ३.२३.१४ मध्ये कॅल्विन प्राचीन चर्चमधला धर्मपंडित ऑगस्टीन याचा आधार घेऊन सांगतो, की निवडलेला कोण हे आपल्याला कळत नाही, म्हणून सगळ्यांचे तारण व्हावे अशीच आपली इच्छा असली पाहिजे. इतिहासाची साक्ष हवी असेल तर मुंबईत मिळते. १८१३ मध्ये तिथे उतरलेले अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, किंवा १८२९ मध्ये आलेले स्कॉटिश जॉन विल्सन, ही माणसे कॅल्विनवादी परंपरेच्या मंडळ्यांतूनच आली होती. निवडीवरच्या श्रद्धेने ती घरी बसली नाहीत.

आता अवघड भाग. कॅल्विनचा बचाव करू पाहणारे हल्ली एक वेगळाच गैरसमज पसरवतात: त्याने फक्त तारणासाठीची निवड शिकवली, त्याग, म्हणजे काहींना देवाने नाकारणे, नंतरच्या लोकांनी चिकटवला. हे खरे नाही. ३.२१.५ मधली व्याख्या दोन्ही बाजू बोलते, काहींसाठी सार्वकालिक जीवन आणि काहींसाठी सार्वकालिक दंड. निवड मानायची आणि त्याग नाकारायचा या भूमिकेला तो ३.२३.१ मध्ये पोरकट ठरवतो. ज्याला हे पचत नाही त्याने कॅल्विनशी असहमत व्हावे. त्याला गुळगुळीत करून घेऊ नये. त्याच्या हयातीतही सगळे सहमत नव्हते. जेरोम बोल्सेक या माजी कार्मेलाइट (एक कॅथलिक संघ) संन्याशाने कॅल्विनच्या जिनेव्हात उघड विरोध केला, तेव्हा १५५१ मध्ये त्याला हद्दपार केले गेले. पण इतर स्विस शहरांकडून जिनेव्हाला जो पाठिंबा अपेक्षित होता, तो बेताचाच मिळाला.

याच प्रकरणात ते कुप्रसिद्ध वाक्य आहे. ३.२३.७ मध्ये कॅल्विन या ठरावाला 'डेक्रेटुम होरिबिले' म्हणतो आणि 'मी कबूल करतो' अशी पुस्तीही जोडतो. इंग्रजी 'हॉरिबल'च्या नादाने याचा अर्थ 'किळसवाणा ठराव' असा केला जातो, जणू कॅल्विनच स्वतःच्या सिद्धान्ताला शिव्या देतो आहे. लॅटिन शब्दाचा भाव थरकाप उडवणारा, धडकी भरवणारा असा आहे. बॅटल्स आणि त्यांच्या आधीचे भाषांतरकार बेव्हरिज, दोघेही 'ड्रेडफुल' हाच शब्द वापरतात, आणि तो योग्य आहे. पुढच्याच कलमात, ३.२३.८ मध्ये, माणूस देवाच्या योजनेनुसार पडतो पण स्वतःच्या दोषाने पडतो, असे विधान येते. ही दोन टोके जुळतात कशी, हे तो उलगडून सांगत नाही. इथे वाचकाचे समाधान होणार नाही, आणि ते व्हावे असा लेखकाचा आग्रहही नाही. ३.२१.१ मध्येच त्याने या विषयाला चक्रव्यूह म्हटले आहे आणि कुतूहलाने आत घुसणाऱ्याला बाहेरची वाट सापडणार नाही, असे बजावले आहे.

मग आपण निवडलेल्यांत आहोत की नाही, हे कसे ओळखायचे? धंद्यात बरकत आली म्हणजे देवाची निवड झाली, हे मत कॅल्विनच्या नावावर सर्रास खपवले जाते. त्याचा उगम समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरच्या १९०४-०५ मधल्या लेखनात शोधतात, पण वेबरची भिस्त मुख्यतः १७ व्या शतकातल्या रिचर्ड बॅक्स्टरसारख्या इंग्रज प्युरिटनांवर, म्हणजे कडव्या सुधारणावादी प्रोटेस्टंटांवर होती, आणि त्याचे म्हणणेही 'श्रीमंत तोच निवडलेला' इतके बाळबोध नव्हते. कॅल्विनचे उत्तर ३.२४.५ मध्ये आहे: आपली निवड पाहायचा आरसा म्हणजे ख्रिस्त. स्वतःच्या आत किंवा देवाच्या गुप्त मसलतीत डोकावू नका. सत्कर्मांना तो ३.१४.१८ च्या आसपास जागा देतो, पण पुराव्यादाखल, पाया म्हणून नव्हे. तिजोरीचा उल्लेख कुठेच नाही.

कॅल्विनवादातली 'संपूर्ण भ्रष्टता' म्हणजे माणूस शक्य तितका नीच, हाही समज वाचनाअभावीचा. २.२.१५ काढा. मूर्तिपूजक रोमन कायदेपंडित, तत्त्वज्ञ, वैद्यकाचा अभ्यास करणारे, गणिती, यांची तो तोंडभरून स्तुती करतो आणि ही बुद्धी देवाच्या आत्म्याचेच दान मानतो. भ्रष्टता सगळ्या अंगांना शिवली आहे, प्रत्येक अंग पुरते कुजले आहे असे नव्हे. आणि इच्छेला पाप करणे अटळ असले तरी तिच्यावर जबरदस्ती नाही, हा अटळपणा आणि सक्ती यांतला फरक २.३.५ मध्ये आहे. तो निसटला की पुढचे काहीच जुळत नाही.

आवृत्तीबद्दल. बॅटल्स यांचे इंग्रजी आजच्या वाचकाला झेपते, वाक्ये तोडलेली आहेत, तळटिपांत ऑगस्टीनपासून कॅल्विनच्या विरोधकांपर्यंतचे दुवे मिळतात. कोणता मजकूर कोणत्या वर्षीच्या आवृत्तीत आला, हे ओळींत पेरलेल्या बारीक अक्षरांवरून कळते. सुरुवातीला ती डोळ्यांत खुपतात, पण पूर्वनियोजनाच्या प्रकरणांत सोन्याच्या मोलाची आहेत, कारण शांत विवेचन कुठले आणि नंतरच्या भांडणात वाढलेले कुठले हे त्यांतून दिसते. खटकणारी गोष्ट म्हणजे प्रत्येक कलमाला दिलेले शीर्षक. ती शीर्षके कॅल्विनची नाहीत, संपादकीय आहेत. घाईचा वाचक तीच वाचतो आणि तीच कॅल्विनचे वाक्य म्हणून उद्धृत करतो. कॅल्विनची स्वतःची जीभही तिखट आहे. ३.२३.१२ मध्ये विरोधकांना डुकरे म्हटले आहे, आणि तो एकमेव प्रसंग नव्हे.

पैसे घालायचे नसतील तर हेन्री बेव्हरिज यांचे १८४५ चे भाषांतर कोणाच्याही मालकीचे नाही, नेटवर फुकट मिळते. वाक्ये लांबलचक, पण प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी कलमवार सारांश असल्याने वाट चुकत नाही. ही मोठी पोथी नकोच असेल त्याच्यासाठी १५४१ च्या फ्रेंच आवृत्तीचे रॉबर्ट व्हाइट यांनी केलेले इंग्रजी भाषांतर (बॅनर ऑफ ट्रूथ, २०१४) एका खंडात आहे. ते सामान्य वाचकासाठी लिहिलेले म्हणून अधिक सुटसुटीत. मात्र तिथे नियंत्रण आणि पूर्वनियोजन अजून एकाच प्रकरणात आहेत, तेव्हा वर सांगितलेली विभागणी त्यात शोधू नका.

वाचायचा क्रम असा ठेवावा: १.१६ आणि १.१७, मग २.२.१२ ते १७ आणि २.३.५, त्यानंतर ३.१ ते ३.३ आणि ३.११, प्रार्थनेच्या प्रकरणातली निदान पहिली पंधरा कलमे, आणि मगच ३.२१. पूर्वनियोजनाची ४९ कलमे रोज तीन या हिशेबाने सतरा दिवसांत होतात. त्याहून वेगाने वाचले की ३.२२ आणि ३.२३ मधले आक्षेप कोणाचे आणि उत्तरे कोणाची, याची गल्लत होते. कॅल्विन विरोधकाचा मुद्दा आधी त्याच्याच तोंडून मांडतो. ते वाक्य सुटे काढून कॅल्विनच्या नावावर फिरवणारे बरेच आहेत. रोमकरांस पत्राचे ८ ते ११ अध्याय शेजारी उघडे असावेत.

कॅल्विनवादाचे पाच मुद्दे लक्षात ठेवायला जुळवलेल्या 'ट्यूलिप' या पाच आद्याक्षरांच्या शोधात हा ग्रंथ घेत असाल, तर निराशा होईल. ती इंग्रजी आद्याक्षरे २० व्या शतकातली आहेत. पाच मुद्दे मुळात १६१८-१९ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्ड्रेख्टला (डॉर्टला) भरलेल्या धर्मसभेने, डच धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये मांडलेल्या पाच कलमांना दिलेले उत्तर. कॅल्विन १५६४ मध्येच गेला होता. फुलाचे नाव जुळावे म्हणून अक्षरांचा क्रमही बदलला आहे. डॉर्टचे निर्णय निवडीपासून सुरू होतात, भ्रष्टतेपासून नव्हे. 'मर्यादित प्रायश्चित्त' या नावाने तर मोठेच नुकसान केले. डॉर्टच्या निर्णयांतल्या दुसऱ्या विभागाचे ३ रे कलम सांगते, की ख्रिस्ताच्या मरणाचे मोल अमर्याद आहे आणि साऱ्या जगाच्या पापांसाठी पुरून उरणारे आहे. वाद ते कोणासाठी परिणामकारक ठरते एवढ्यापुरता. कृपा माणसाला लाकडाच्या ओंडक्यासारखे वागवत नाही, हे तिसऱ्या-चौथ्या जोडविभागाच्या १६ व्या कलमात आहे, आणि 'अप्रतिकार्य कृपा' म्हणजे फरफटत नेणे, हा समज तिथे संपतो.

डॉर्टचा मजकूर छोटा आहे: ५९ कलमे आणि खोडून काढलेल्या मतांचे ३४ परिच्छेद. काही संक्षिप्त छपायांत हे ३४ परिच्छेद गाळलेले असतात, तशी प्रत घेऊ नका. समारोपही आहे ना, ते तपासा. निवड ही ज्या रीतीने विश्वासाचा उगम आहे त्याच रीतीने त्याग हा अविश्वासाचे कारण आहे, असे आम्ही शिकवत नाही, हे डॉर्टकरांनी तिथे लिहून ठेवले आहे.