मेर्कादो देल पुएर्तो, मोन्तेविदेओ: निखाऱ्यांपाशी बसा

उरुग्वेची लोकसंख्या सुमारे 35 लाख आणि गुरं तिच्या तिपटीहून जास्त. हा देश काय खातो हे पाहायचं तर राजधानीच्या जुन्या भागातल्या, बंदराजवळच्या या बाजारात यावं. इमारत 1868 ची, लोखंडी सांगाड्याची. आत एकाला लागून एक ‘पार्रिया’, म्हणजे मांस भाजणाऱ्यांची दुकानं.

इथे कोळसा नाही, लाकूड जळतं. जाळीशेजारच्या लोखंडी टोपलीत ओंडके पेटवतात, खाली पडलेले निखारे ओढून तिरक्या जाळीखाली पसरतात. ज्वाळा मांसाला लागत नाहीत, म्हणून ते करपत नाही. मसाला? फक्त जाडं मीठ.

‘आसादो दे तिरा’ (आडव्या कापलेल्या बरगड्या) मागवा. चरबी भरपूर, त्यामुळे जास्त भाजलं तरी चालतं. ‘एन्त्रान्या’ (गुराच्या छाती-पोटामधल्या पडद्याचं मांस) पातळ असते, ती ‘हुगोसो’ म्हणजे कमी भाजलेली, रसदार सांगा, नाहीतर चामडं चावाल. दोघांसाठीची ‘पार्रियादा’ (भाजलेल्या मांसाचं मिश्र ताट) स्वस्त वाटते, पण त्यात आतडी, मूत्रपिंडंही येतात, आधी विचारा. मनुका घातलेली गोड ‘मोर्सिया’ मात्र चुकवू नका, रक्ताच्या सॉसेजचं वावडं नसेल तर. शाकाहाऱ्यांना भाजलेलं प्रोवोलोने चीज आणि ढोबळी मिरची, बस्स.

सोबत ‘मेदियो ई मेदियो’: अर्धी पांढरी वाइन, अर्धी फेसाळ.

भाव शहरातल्या साध्या पार्रियांपेक्षा चढे. ‘कुबिएर्तो’ नावाचा बैठकशुल्क बिलात निघू शकतो. दुपारीच जा, क्रूझ जहाज लागलेलं असेल तर लवकर.